एक यंत्र जास्तीचे

दिवा जरा अलीकडे घ्या, म्हणजे मला तुमचा चेहरा दिसेल. सांगतो.

आमच्या धाकट्याने कामासाठी एक जुना सर्व्हर विकत घेतला आणि तो ठेवायला थंड जागा मागितली. घरातील सर्वांत थंड खोली हिची, धाकट्याच्या आईची. ही गेल्यापासून ती बंदच होती. मी किल्ली काढून दिली.

मी शाळा अर्ध्यावर सुटलेला मनुष्य. जे वाचले ते स्वतःच्या जिद्दीवर. त्यामुळे धाकट्याने सर्व्हर-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले, तेव्हा त्याची जाडजूड पुस्तिका मीही अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. तत्त्व अवघड नाही. एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे उभी करता येतात. साचा निवडायचा, किती हवीत तो आकडा भरायचा. जागेची वाटणी सॉफ्टवेअर आपण होऊन करते. प्रत्येक यंत्रापुढे एक रकाना असतो. ते यंत्र सध्या कोण आणि कुठून वापरत आहे, हे त्यात दिसते.

धाकट्याने चार मागितली. पाच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

"न विचारता मी कशालाही हात लावत नसतो. त्यातून पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की…"

"राहू द्या. तुमचं वाक्य संपेपर्यंत सर्व्हर दोनदा बंद होऊन चालू होईल."

तो हसला. मागणी चुकून दोनदा गेली असेल, म्हणाला. जास्तीचे यंत्र त्याने पुसून टाकले. दोन मागितली, तीन आली. सात मागितली; आठ. सबंध सॉफ्टवेअर काढून त्याने ते नव्याने बसवले, तरी तेच. आता त्याचे हसणे थांबले होते. भर दुपार असूनही त्या खोलीत उजेड म्हणून नव्हता. पंख्यांची एकसुरी घरघर चालली होती, आणि तापलेल्या धातूच्या वासातून मधूनच दुसरा एक वास येत होता… भांडी घासायच्या साबणाचा.

मी बोलू नये ते बोलून गेलो.

"ही असंच करायची."

धाकट्याचे हात थांबले. त्याला सांगावे लागले नाही, तुम्हांला सांगतो. आमची थोरली मुलगी घर सोडून गेली, त्याला बरीच वर्षे झाली. पत्ता नाही, निरोप नाही. पण ही रोज एक ताट जास्त मांडायची. मी चिडायचो. "अहो, आलीच तर?" एवढेच म्हणायची. जेवणे झाली की ते कोरे ताट घासून, पुसून फडताळात ठेवायची. शेवटच्या आजारातही तिने ते मला मांडायला लावले. ती गेली आणि मी ते बंद केले.

"बाबा…" धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. "राहू दे ते. नाही पुसत मी."

ते जास्तीचे यंत्र तसेच राहिले. नाव नाही, काम नाही. वापरकर्त्याचा रकाना कोरा. रोज चहा झाला की मी त्या खोलीत जाऊन तेवढा रकाना पाहून येऊ लागलो. धाकट्याला वाटे, म्हाताऱ्याला नवे खूळ लागले. माझे गणित मी त्याला कधी सांगितले नाही. ही आता जिथे कुठे आहे, तिथेही ताट मांडून लेकीची वाट पाहत बसली असेल, तर ते ताट कोरेच राहो. तिथले ताट कोरे आहे, तोवर माझी थोरली या जगात कुठेतरी जेवते आहे.

परवा दुपारी धाकट्याने खोलीतून हाक मारली.

"बाबा! सुटलं एकदाचं! चार मागितली, चारच आली. बघा तरी!"

त्याला केवढा आनंद झाला होता! आदल्याच दिवशी केलेल्या कुठल्याशा बदलाबद्दल तो मला समजावून सांगत होता. मी ऐकत नव्हतो. मी त्या जुन्या, जास्तीच्या यंत्राची ओळ शोधत होतो. ती तिथेच होती. रकाना मात्र कोरा नव्हता. नाव नव्हते, फक्त 'वापरकर्ता: एक'. कुठून, तर त्याच खोलीतून.

पंख्यांची घरघर चालूच होती. तिच्याखाली, अगदी हळू, कोणीतरी जेवत असल्यासारखा भांड्यांचा आवाज… की तो माझा भास, मी सांगू शकत नाही.

"काय झालं, बाबा? बसा ना."

"काही नाही. छान केलंस."

दुसरे काय सांगणार? त्याची बहीण गेली हे त्याला कोणत्या पुराव्यावर सांगू? दाराशी कोणी आले नव्हते, फोन वाजला नव्हता. आजवरही वाजलेला नाही.

त्याने मला हाताला धरून स्वयंपाकघरात आणले. आम्ही अजून जेवलो नव्हतो. तो ताटे काढायला फडताळाकडे गेला. दार उघडल्याचा आवाज आला.

"बाबा…" तो पाठमोराच होता. "आईचं हे जास्तीचं ताट… ओलं कसं?"