निवांतपणाचं अस्तर

काचेच्या नळीतलं पातळ अस्तर ठोक्याठोक्याला फुगत होतं, आकसत होतं. प्रयोगशाळेत ते बघत उभ्या असलेल्या हेमांगी तांडेलच्या डाव्या मनगटाला मात्र चार वर्षांपासून नाडी लागत नव्हती. एका दुर्मीळ आजारानं तिच्या मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजून आतून अरुंद झाल्या होत्या. रत्नागिरीत मुलांना पोहायला शिकवणारी हेमांगी आता वेणी घालतानाही दोनदा हात खाली घेऊन थांबायची.

हे ‘जिवंत अस्तर’ डॉ. अरुंधती चिटणीस यांनी तिच्याच पेशींपासून वाढवलं होतं. धमन्यांत बसवल्यावर ते सहा आठवडे शिकतं, असं त्यांनी समजावलं. त्या काळात रक्ताचा जो जो प्रवाह त्याच्यावरून जाईल, तो त्याच्या ओळखीचा होतो. मग शिकणं थांबतं. पुढे अनोळखी प्रवाह आला, की ते आवळतं.

“म्हणजे मी सहा आठवडे पडून राहिले तर?”

“तर पुढेही पडूनच राहावं लागेल. जसं जगायचंय, तसं आत्ता जगा.”

शस्त्रक्रिया झाली आणि हेमांगीनं भिंतीवर तक्ता लावला. जिने, पोहणं, ओझं उचलणं. एकही हालचाल सुटायला नको. नवरा, विनय, दोन मिनिटं टेक म्हणायचा. ती टेकायची, पण नजर घड्याळावर. झोपेतूनही दचकून उठायची. काही राहिलं तर नाही ना?

सातव्या आठवड्यात तिनं न थांबता तलावाच्या चार फेऱ्या मारल्या. काठावर विनयचे डोळे भरून आले.

त्या रविवारी दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. कित्येक वर्षांनी तिला कसलीच काळजी नव्हती. ती वाळूत आडवी झाली, डोळे मिटले. थोड्याच वेळात तिचा डावा हात बधिर झाला. ती घाबरून उठून बसली, छाती धडधडू लागली, आणि हात पूर्ववत झाला.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांच्या नोंदी दोनदा तपासल्या. हृदयाची गती एकदाही संथ झाली नव्हती, झोपेतसुद्धा.

“अस्तराला सगळं येतं,” त्या म्हणाल्या. “निवांतपणा तेवढा येत नाही. तो त्यानं पाहिलेलाच नाही.”

एका इंजेक्शननं ते आणखी सहा आठवडे शिकू शकणार होतं. हेमांगीनं लगेच तारीख विचारली. तारीख कळली तर भिंतीवर पुन्हा तक्ता लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वर्षभर दर महिन्याला एक इंजेक्शन द्यायचं. त्यातलं एकच खरं, बाकी नुसतं पाणी. खरं कुठलं, ते तिला कळणार नाही. हे मान्य असेल तरच.

विनयला ते पटेना. हेमांगी बराच वेळ खिडकीपाशी येरझाऱ्या घालत राहिली. मग तिनं संमतीपत्रावर सही केली.

“म्हणजे ते आजचंही असू शकतं?”

“असू शकतं.”

तिनं बाही वर सरकवली. सुई टोचली, तेव्हा ‘आता मी काय काय करायचं?’ हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो विचारला नाही.