काळ्या गाळातला तपकिरी डाग

थोरली त्या सकाळीही वेळेवर प्रयोगशाळेत आली. घरी बसून भिंतींकडे बघत राहण्यापेक्षा काम बरं. टेबलावरची गाळाची नळी तिच्या धाकट्या भावानंच समुद्रतळातून जहाजावर वर ओढली होती. त्यानंतर तो डेकवर कुणाला दिसला नाही.

नळी जिथून काढली त्या जागी समुद्राच्या तळाशी अतिखारट पाण्याचं तळं आहे. पाणी इतकं जड की वरच्या समुद्रात मिसळतच नाही. तिथे प्राणवायू नाही, किडामुंगीही जगत नाही. काळाकुट्ट गाळ हजारो वर्षं थरावर थर तसाच बसून राहतो. हवा लागली की मात्र तपकिरी पडतो, म्हणून नळी उघडायची ती नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत. पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालायचे. हात काढले की आतल्या दाबानं ते मोजे बाहेर ताठ उभे राहतात, नवख्यांना दचकवायला अगदी झकास!

तिनं नळी उभी चिरली. थर वहीच्या पानांसारखे सुटे दिसत होते. मधोमध नखाएवढा तपकिरी डाग.

"मामा, पेटी गळतेय."

सिलिंडर सांभाळणाऱ्या गॅसमामांनी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही.

"माझी पेटी नाही गळत, बाई. तुमचा गाळच गळत असेल," ते हसले. मग त्यांनी पेटीतला प्राणवायू मोजणारा काटा पाहिला आणि हसायचे थांबले.

शून्यावर असायला हवा तो काटा हलत होता. दोन छोटे झटके, मग एक लांब, अडकत अडकत.

थोरली काट्याकडे वाकली. लहानपणी एकाच खोलीत झोपताना ही लय तिनं कितीदा ऐकली होती. धाकट्याचा दमा. उशाशी पंप ठेवल्याशिवाय आई दिवा मालवत नसे.

डाग तळव्याएवढा झाला.

"नायट्रोजन वाढवू? नाहीतर नमुना हातचा जाईल," मामा म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन. "शोधबोट परत बोलावू का विचारतायत गं. मी काय सांगू? तू म्हणशील तसं."

"करते फोन," ती कशीबशी म्हणाली.

एका काट्याच्या थरथरीवर आईला आणखी किती दिवस झुलवत ठेवायचं? काटा बिघडला असेल. काटे बिघडतातच.

"वाढवा, मामा."

वायू फुसफुसत आत शिरला. काटा भराभर थरथरला, मग मंदावला, मग शून्यावर टेकला. मामा दुसरा सिलिंडर आणायला गेले.

तिनं फोन लावला. "आई, येऊ दे त्यांना परत. तो गेला." हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं आणि तिला रडू फुटलं.

आईनं तिला मधेच तोडलं.

"मग तुझ्याजवळ धापा कोण टाकतंय?"

"मी एकटीच आहे, आई."

"मला ओळखू येत नाही होय? पंप दे त्याला आधी. घुसमटतोय तो."

वायू फुसफुसतच होता. थोरलीनं मान वळवली.

डावा मोजा ताठ बाहेर उभा होता.

उजवा आत ओढला गेला होता, अगदी ताणून.