सरावातली घोलप

क्लबच्या इमारतीखालच्या तपासणी कक्षात भिंतभर पडद्यावर दोनशे दोन पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. प्रत्येक रेषा म्हणजे रेवती घोलपने तीन दिवसांत मारलेला एकेक फटका. चिंतामणी ओक सकाळपासून त्या रेषांकडे पाहत होते, आणि जितके पाहत होते तितका त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता.

ओक या गोल्फ स्पर्धेचे मुख्य पंच. त्याआधी तीस वर्षे ते कस्टममध्ये होते. विमानतळावर जो माणूस हसत हसत चालत येतो त्याची बॅग आधी उघडायची, ही त्यांची रीत. निवृत्तीनंतर बॅगा बदलल्या, रीत तीच राहिली. २०५१ साली गोल्फमध्ये अशा माणसाला कामाची ददात नव्हती. हवेत वळणारे चेंडू, स्नायूंना धक्का देणारे हातमोजे, वाऱ्याचा वेग सांगणारी डोळ्यांतली भिंगे असे बरेच काही त्यांनी नाशिकजवळच्या या पठारावर पकडले होते.

रेवतीपाशी मात्र काही सापडत नव्हते. चेंडू कापून पाहिला, स्टिक क्ष-किरणांखाली धरल्या, रक्त तपासले. सगळे स्वच्छ निघाले. आणि बाई तीन दिवस पहिल्या क्रमांकावर होत्या.

इथेच ओकांच्या मनात पाल चुकचुकली, कारण रेवतीला ते अकरा वर्षे ओळखत होते. चौतीस वर्षांची ही साताऱ्याची खेळशिक्षिका व्यावसायिक गोल्फमध्ये आल्यापासून एकदाही पहिल्या विसांत आलेली नव्हती. तरी तिचे नाव सगळ्यांना ठाऊक होते, ते तिच्या कोरड्या झोक्यामुळे. गोल्फमध्ये चेंडू मारण्याआधी खेळाडू जरा बाजूला उभा राहतो आणि हवेतच एकदोनदा स्टिक फिरवून पाहतो. त्याला खेळाडू कोरडा झोका म्हणत. रेवतीचा कोरडा झोका इतका देखणा होता की दुसरे खेळाडू आपला खेळ थांबवून तो बघायला येत. मग ती एक पाऊल पुढे सरके, समोर चेंडू येई, आणि त्याच हातांनी ती असा काही फटका मारी की बघायला आलेली माणसे अवघडून दुसरीकडे पाहू लागत. ‘सरावातली घोलप’ हे तिचे नाव कोणी पाडले कोणास ठाऊक, पण ते तिच्या तोंडावरही घेतले जाई आणि ती हसून साजरे करी.

हंगामातली ही शेवटची स्पर्धा होती. पहिल्या दहांत आली तर तिचे व्यावसायिक खेळाडूचे कार्ड टिकणार होते, नाही तर रद्द. पस्तिशीनंतर नवे कार्ड मिळत नसे.

ओकांनी तिसऱ्या फेरीचे चित्रण पुन्हा लावले आणि या वेळी चेंडू सोडून फक्त बाईंकडे पाहिले. पंधरा मिनिटांत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, रेवती आता कोरडा झोका घेतच नव्हती. थेट चेंडूपाशी जाऊन उभी राहत होती. दुसरी गोष्ट जास्त विचित्र होती. फटका मारल्यावर ती चेंडू कुठे गेला ते पाहत नव्हती. जगातला कोणताही खेळाडू मान वर करून चेंडूमागे डोळे लावतो. ही मात्र स्टिक खाली घेऊन निवांत उभी राही, मग शेजारच्या माणसाकडे वळून काहीतरी विचारी.

तो शेजारचा माणूस म्हणजे तिची पिशवी उचलणारा साठीचा कॅडी, भिवाजी. ओकांनी त्याला चहा पाजला.

“बाई काय विचारतात तुम्हाला, दर वेळी?”

“काय न्हाई साहेब. मारत्यात अन् मलाच इचारत्यात, गेला का भिवाजी?”

“तुम्हाला चमत्कारिक नाही वाटलं?”

“वाटलं की. पर जात हुता, मग कशाला बोला?” भिवाजी म्हणाला आणि त्याने बशीतला चहा संपवला.

चौथ्या दिवशी ओक तिच्या मागोमाग अठरा होल चालले. रेवतीने सहासष्ट फटक्यांत फेरी संपवली आणि एकूण दोनशे अडुसष्टवर, दुसऱ्या क्रमांकापेक्षा पाच फटके कमी घेऊन, ती जिंकली. टाळ्या वाजत असतानाच ओकांनी तिला निरोप धाडला. बक्षीस समारंभाआधी तपासणी कक्षात या.

ती आली ती एकटी नव्हती. सोबत पन्नाशीच्या एक बाई होत्या, डॉ. शमा तांबोळी, पुण्यात मेंदूवर संशोधन करणाऱ्या. ओकांनी काही विचारण्याआधीच रेवतीने डोक्यावरची टोपी काढली, कपाळावरची बोटाच्या पेराएवढी पारदर्शक पट्टी सोलली आणि टेबलावर ठेवली.

“सर, हेच शोधत होतात ना? लपवायचं नव्हतं. नियमात याला मनाई नाही.”

हसतमुखाने बॅग उघडून दाखवणारा माणूस ओकांना सर्वांत धोक्याचा वाटे. त्यांनी पट्टीला हात लावला नाही. “हे काय आहे, डॉक्टर?”

“सरावपट्टी,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “असं बघा ओकसाहेब, आपण जी हालचाल करतो तिच्यावर मेंदू एक शिक्का मारतो. ही खरी, की नुसती करून बघायची? त्या शिक्क्याला आम्ही खरेपण-संकेत म्हणतो. कोरड्या झोक्यात तो उमटत नाही. त्यामुळे मागच्या बाजूचा लहान मेंदू मुरलेल्या सवयीनं स्टिक फिरवतो. चेंडू समोर आला की संकेत उमटतो आणि पुढचा मेंदू देखरेख करायला येऊन बसतो. मनगट बरोबर आहे का, कोपर कुठे चाललं. तिथे बिघडतं.”

“शाळा तपासायला साहेब आले की पाठ असलेली कविता पोरं विसरतात तसं,” रेवती म्हणाली.

“आणि पट्टी?” ओकांनी डॉक्टरांना विचारले.

“स्टिक मागे जायला लागली की दोन सेकंद तो संकेत उमटू देत नाही. तेवढंच. हातांना बळ देत नाही, दिशा देत नाही. मेंदूला वाटतं, सराव चाललाय.”

“वाटतं, असं तुम्ही म्हणता.” ओकांनी खुर्ची पुढे ओढली. “पट्टीच हातांना हुकूम देत नसेल कशावरून? तुम्हाला नियम माहीत आहे. हात चालवणारं साधन बाद. अकरा वर्षं जिला जमलं नाही तिला चार दिवसांत जमतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.”

डॉ. तांबोळींना राग आला. आयुष्यभराच्या कामावर कोणी चोरीचा संशय घेतला तर कोणालाही येईल. त्यांनी पट्टीतली नोंद भिंतीवरच्या पडद्यावर आणली. “मोजा. दोनशे अडुसष्ट फटके, दोनशे अडुसष्ट आलेख. पट्टी हुकूम देत असती तर इथे तिचे ठोके दिसले असते. आणि हा चार वर्षांपूर्वीचा तिचा कोरडा झोका, माझ्या प्रयोगशाळेतला. आजच्या शेवटच्या फटक्यावर ठेवते. काही फरक दिसतो?”

दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले.

“संकेत एकदाही उमटला नाही?”

“एकदाही नाही.”

“म्हणजे हिच्या मेंदूच्या लेखी प्रत्येक झोका सरावाचा होता? एकही फटका मारायच्या इराद्यानं घेतलेला नव्हता?”

“शंभर टक्के. तेच तर सिद्ध करून दाखवतेय.”

“लिहून द्याल?”

विचारल्यापेक्षा जास्त सांगणाऱ्याला लिहून द्यायला लावायचे, ही ओकांची कस्टममधली दुसरी सवय. डॉ. तांबोळींनी दहा ओळींत सगळे लिहिले आणि खाली ठसठशीत सही केली. ओकांनी तो कागद दोनदा वाचला. मग नियमांचे पुस्तक काढून एक पान उघडले. इतक्या दिवसांचा संशय आता फिटला होता आणि त्यांना त्याचा आनंद होत नव्हता.

“रेवती, तू लबाडी केलेली नाहीस,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी पुरतं सिद्ध केलंय. पण गोल्फमध्ये फटका कशाला म्हणतात, ते ऐक. चेंडू मारण्याच्या हेतूनं स्टिक पुढे नेणं. हेतू नसेल तर तो फटका नाही. पहिल्या होलला टीच्या खुंटीवर चेंडू ठेवलाय, खेळाडू कोरडा झोका घेतोय आणि चुकून चेंडूला स्टिक लागली, तर आपण काय करतो?”

“फटका धरत नाही,” रेवती म्हणाली. “चेंडू परत टीवर ठेवायचा.” आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला.

“पहिला फटका झालाच नाही, म्हणून चेंडू खेळात आलाच नाही. मग पुढचंही काही मोजता येत नाही. माझ्या दप्तरी चार दिवसांत तुझे फटके शून्य आहेत.”

“हा शब्दच्छल आहे,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “ठीक आहे, काही वेळा संकेत उमटला असेल. पट्टी चुकली असेल.”

“मग हा कागद खोटा, आणि हात कोण चालवत होतं ते मला पुन्हा शोधावं लागेल.”

आपल्याच सहीकडे पाहताना डॉ. तांबोळींना फार अपराधी वाटत होते.

“सर, मी प्रत्येक चेंडूपाशी जिंकायला म्हणून उभी राहिले होते,” रेवती म्हणाली.

“उभी होतीस. त्यात मला संशय नाही. मारताना होतीस का? आजचा शेवटचा फटका सांग मला. कसा लागला?”

रेवतीने आठवून पाहिले. होलभोवतीच्या ग्रीनवर चालत जाणे आठवत होते, टाळ्या आठवत होत्या. मधे काही नव्हते. अकरा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी आपण तिथे नव्हतो, हे तिला आत्ता कळले आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

“मग मी गैरहजर धरली जाणार? कार्ड जाणार?”

“निकालावर सहाला सही होते. आत्ता सव्वापाच वाजलेत. तोवर एकही फटका नसेल तर गैरहजर, आणि कार्ड रद्द. एक जरी असेल तर तू खेळायला सुरुवात केलीस, पण खेळ अपूर्ण राहिला. अपूर्ण राहिलेल्याला पुढच्या हंगामात एक संधी मिळते.” ओक उठले. “कसाही चालेल. फक्त खरा हवा.”

पहिल्या होलच्या सुरुवातीला दुसरे कोणी नव्हते. बक्षीस समारंभाच्या खुर्च्या पलीकडे मांडून झाल्या होत्या आणि तिकडे कुजबुज सुरू होती. डॉ. तांबोळींनी पट्टी फक्त नोंद घेण्यापुरती चालू ठेवून तिच्या कपाळावर लावली आणि हातातला छोटा पडदा उघडला. भिवाजीने पिशवीतून स्टिक काढून दिली. रेवतीने सवयीने बाजूला सरून एक कोरडा झोका घेतला. तो नेहमीसारखाच सुंदर होता.

मग ती पुढे सरकली. पांढरा चेंडू समोर होता. तिचे खांदे वर चढले, मनगटे आखडली, आणि ओकांना बाजूला उभ्यानेही दिसले की तिचा पुढचा मेंदू येऊन बसला आहे. तिने दोनदा स्टिक मागे नेऊन थांबवली. तिसऱ्यांदा फिरवली. चेंडूचा नुसता माथा खरवडला गेला, तो गवतातून टुणटुण उड्या मारत गेला आणि डावीकडच्या करवंदीच्या जाळीत, जेमतेम चाळीस पावलांवर, अडकला.

पलीकडे कोणीतरी हसले.

“संकेत आलाय का ते बघायचं ना?” डॉ. तांबोळींनी पडदा पुढे केला.

ओकांनी तो हातानेच बाजूला केला. तीस वर्षांत पुरावा न पाहता त्यांनी कोणाला सोडले नव्हते. “कशाला? इतका वाईट फटका कोणी खोटा मारत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या नावापुढे एक लिहिले.

रेवतीने पट्टी सोलून डॉ. तांबोळींच्या हातात दिली. “सर, एक तर धरलात. पण सहाला अजून अर्धा तास आहे ना?”

“आहे.”

“मग दुसरा मारते,” ती म्हणाली आणि करवंदीच्या जाळीकडे चालू लागली.