शिवेच्या आत

टेबलावर अर्ध्या कपाचे चार कट चहा, दोन प्लेट पोहे, त्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची एक डबी आणि हिमाचलचा पसरलेला एक नकाशा होता. माणसं तीन: मी, माझा मावसभाऊ पियूष आणि त्याची बायको अपूर्वा. चौथा चहा देवासच्या बसस्टँडवरच्या दुकानदारानं चुकून ठेवला होता.

"भिया, काझाला मनालीकडून जाऊ नका," मागून आवाज आला. "किन्नौरकडून चढा. उंची हळूहळू वाढते, डोकं दुखत नाही."

मी वळून बघितलं. पाठीवर बॅग, हातात छत्री आणि नजर थेट नकाशावर.

"तुम्ही जाऊन आलात?"

"मी? उज्जैनच्या पलीकडे गेलेलो नाही." तो हसला. "धारला शाळेत भूगोल शिकवतो."

मी चौथा चहा त्याच्याकडे सरकवला. गप्पांत त्याची बस गेली.

मग तो मास्तर, मनन, दर रविवारी देवासला येऊ लागला; आता जाणारे आम्ही चौघं होतो. गाडी पियूषची, मुक्काम अपूर्वाचे, घाट आणि वळणं मननची. पाणी किती उंचीवर किती अंशाला उकळेल, हे माझं खातं. मी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट.

"चहास कोठे थांबावे, असे आपले मत आहे?" तो विचारायचा. त्यांच्या घरी अजून असंच बोलतात.

"अरे यार, मी काय दरबारात उभी आहे?"

"नाही... पण उभं राहावंसं वाटतं. तुमच्यासमोर." आणि लगेच नकाशात डोकं.

ऑक्टोबरपासून माझी हैदराबादला नोकरी ठरली होती. त्याआधी हिमाचलचे आठ दिवस होते. जे बोलायचं ते आम्ही दोघंही डोंगरासाठी राखून ठेवतोय, असं मला वाटायचं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

निघायच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "नीरजा, मला येता येणार नाही."

त्याचे वडील दत्तोपंत पायरीवरून घसरले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. घराण्याच्या राममंदिरात भाद्रपदाची पूजेची पाळी त्यांची. आता ती मननवर आली. पाळी असेपर्यंत धारची शीव ओलांडायची नाही.

"दुसरं कुणी नाही?"

"चुलतभाऊ पुण्याला आहे. म्हणतो, मी व्हिडिओ कॉलवर करतो."

मी हसले. तोही हसला. 

"तुम्ही जा. फोटो पाठवा."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं. पण... डोंगराचं नाही."

फोन कानाला लावून मी खिडकीशी उभी राहिले. बाहेर बारीक पाऊस होता.

"शीव म्हणजे नेमकी कुठून कुठे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नेमकी सांगा. इंदूरच्या बाजूला कुठपर्यंत? मांडूच्या बाजूला?"

"इंदूरकडे जुना नाका... मांडूकडे ओढ्यावरचा पूल. का?"

"सहज."

पियूषची गाडी पहाटे निघाली. "अगं, तुझी सीट रिकामी जातेय," अपूर्वा खिडकीतून म्हणाली.

"सामान ठेव तिच्यावर."

संध्याकाळी मी बाबांची ऑल्टो घेऊन धारच्या मंदिरासमोर उभी होते. आरती संपली. मनन बाहेर आला. केस ओले, कपाळावर गंध. मला बघून पायरीवरच थांबला.

"आपण... गेला नाहीत?"

"बसा. शेजारतीला किती वेळ आहे?"

"दोन तास."

"पुष्कळ झाला."

आम्ही तलावाला वळसा घातला. किल्ल्याखालून गेलो, ओढ्याच्या पुलाआधी वळलो. मग जुना नाका, तिथूनही मागे. काचेवर पाऊस जमायचा, वायपर तो पुसायचा. चिंब भिजलेल्या मातीचा वास गाडीत भरला होता. मननचा हात गिअरच्या अगदी जवळ होता... मी गिअर बदलणं टाळत होते.

"सेकंडवरच चालवताय," तो हळूच म्हणाला.

"घाट आहे."

"कुठे?"

"तुम्हाला दिसत नाही. भूगोलाचे मास्तर ना!"

तो हसला, आणि मग हसू ओसरलं. "पाळी संपली की हैदराबादला येऊ?"

"कशाला?"

"एक विचारायचं आहे."

"मग आत्ता विचारा."

"आत्ता विचारलं तर गाडी ठोकाल."

"नाही ठोकणार. विचार."

त्यानं विचारलं.

मी गाडी चालवत राहिले. नाक्यापर्यंत गेले, वळले, पुन्हा तलावाशी आले. तो समोर बघत होता, ओठ घट्ट मिटून.

"हो," मी म्हटलं. "पण ये तरीही."

शेजारतीच्या घंटेआधी मी त्याला मंदिराच्या पायरीशी सोडलं. देवासहून धारला पोचल्यावर ट्रिपमीटर शून्यावर आणला होता. आता त्यावर एकेचाळीस किलोमीटर होते, सगळे शिवेच्या आतले.