पहिला घोट, नाव न घेता

ही गोष्ट खोटी निघावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली. अँब्रोजला उलटसुलट विचारलं. शिरीषला वेगळं गाठून विचारलं. दोघांच्या बोलण्यात काडीचा फरक नाही. आणि शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ज्याला विश्वास ठेवायचाय त्याने ठेवावा, बाकीच्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलोच होतो.

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबरची संध्याकाळ. बहरीन. जुफैरमधलं एक हॉटेल. नाव सांगत नाही, कारण ते अजून चालू आहे आणि अँब्रोजची नोकरीही तिथेच आहे.

अँब्रोज माझा मावसभाऊ. आम्ही मूळ वसईचे. तो त्या हॉटेलचा बार सांभाळतो. त्याची बायको डॉली नर्स आहे. दोघं हिद्दला एका लहानशा फ्लॅटमध्ये राहतात. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात मूल नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा सगळं संपलं. तेही इतक्या लवकर की मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा कळलं नाही. नाव कुठलं ठेवणार?

या वेळी मात्र पाचवा महिना सरला होता.

अँब्रोजचे पाय जमिनीवर नव्हते. डॉलीने मात्र सगळ्यांना दम भरून ठेवला होता, बाळ हातात येईपर्यंत कोणी नावाचा विषय काढायचा नाही. नर्स असली म्हणून काय झालं, दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या तळघरात पोर्ट वाइनचं नवं सेलर दाखवायचा कार्यक्रम होता. मालकाने पोर्तुगालहून खरी जुनी लाकडी पिंपं आणवली होती आणि ती दाखवायला तिथला एक म्हातारा जाणकारही. स्टाफला घरच्यांना आणि एखाद्या मित्राला बोलवायची मुभा होती. अँब्रोजने डॉलीला आणलं आणि शिरीषला. शिरीष पुण्याचा इंजिनिअर, बारवरचा जुना दोस्त.

"वसईकर आणि पोर्तुगीज," जिना उतरताना शिरीष म्हणाला. "तुमचे जुने साहेब आलेत रे, अँब्रोज. नीट वाग."

"तू नीट पी म्हणजे झालं," अँब्रोज म्हणाला. "पुणेकराला फुकट मिळालं की त्याचा हात थांबत नाही."

डॉली हसली. ती मोकळेपणाने हसली ती तेवढीच, असं अँब्रोज आता सांगतो.

खाली चांगलाच गारवा होता. पिवळे मंद दिवे. भिंतीला लागून पिंपांची रांग. हवेत जुन्या लाकडाचा, मनुकांचा आणि ब्रँडीचा गोडसर वास. म्हाताऱ्याने समजावून सांगितलं की द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ब्रँडी ओततात. आंबणं तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ही वाइन गोडही असते आणि कडकही. मग वर्षानुवर्षं ती पिंपात नुसती पडून राहते.

"लाकडातून थोडी थोडी उडून जाते," तो म्हणाला. "आम्ही त्याला देवदूतांचा वाटा म्हणतो. पिंप बंद असतं, कोणी हात लावत नाही, तरी पातळी खाली जातेच."

"बहरीनच्या उन्हात तुमच्या देवदूतांना जास्तच तहान लागेल," शिरीष म्हणाला. सगळे हसले.

वाटा हा शब्द ऐकला आणि अँब्रोजला आठवलं. आज दोन नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस.

गावी असलो की आम्ही त्या संध्याकाळी कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो. घरी आलं की अँब्रोजचे पप्पा आपल्या ग्लासातला पहिला घोट जमिनीवर ओतायचे. पण आधी नाव घ्यायचे. "बाबा, हा तुझा वाटा." मोठ्याने, स्पष्ट. मगच ग्लास कलता करायचे. आमच्या घरची रीत ती. आता पप्पाही नाहीत, आणि परदेशात कबर कुठली नि मेणबत्ती कुठली.

म्हाताऱ्याने सगळ्यांना टॉनी ओतली. ही पिंपात मुरून तांबूस झालेली पोर्ट. डॉली पिणार नव्हती, तरी मान राखायचा म्हणून तिच्यासमोरही एक ग्लास भरून ठेवला.

अँब्रोजने ग्लास उचलला. पप्पांचं नाव ओठावर आलं...

समोर जनरल मॅनेजर उभा होता. आजूबाजूला सूटबूटवाले पाहुणे. त्याला लाज वाटली. एवढ्या लोकांत मेलेल्या माणसाला हाक कशी मारायची?

त्याने नाव घेतलंच नाही. कोणाचं लक्ष नाही असं बघून गुपचूप खाली वाकला आणि घोटभर वाइन फरशीवर ओतली.

फक्त शिरीषने पाहिलं. "काय रे, सांडली?"

"आमच्यात आज गेलेल्यांचा वाटा द्यायचा असतो," अँब्रोज पुटपुटला.

शिरीष फरशीकडे बघत राहिला.

"पण... कुठे आहे?"

अँब्रोजने खाली पाहिलं.

फरशी कोरडी होती.

डाग नाही, ओल नाही. हात फिरवला तर बोटाला चिकटपणासुद्धा नाही. आत्ता, या क्षणी ओतलेली वाइन.

आणि तेवढ्यात... पिंपांच्या मागून एक आवाज आला. अगदी बारीक. मच्... मच्... तान्हं मूल दूध ओढताना येतो तसा.

मग थांबला.

"एसीचा असेल," शिरीष म्हणाला. त्याचा आवाज मात्र बदलला होता.

अँब्रोज डॉलीकडे वळला. ती बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिचा भरलेला ग्लास तिच्यासमोरच होता.

अर्धा.

"प्यायलीस तू?"

"वेडा झालास का? मी हातसुद्धा लावला नाही."

इथवर मी ऐकलं तेव्हा हसलो होतो. फुकटची चढली असेल, म्हटलं. पण पुढचं सगळं पूर्ण शुद्धीतलं आहे.

दुसऱ्या सकाळी डॉलीच्या उशाशी झाकून ठेवलेला पाण्याचा ग्लास निम्मा झाला होता. झाकण जागच्या जागी. तिला वाटलं, झोपेत आपणच प्यायलो. तिसऱ्या दिवशी तळाशी घोटभर उरलं. मग फ्रीजमधलं दूध. मग देव्हाऱ्यातली पवित्र पाण्याची बाटली... तिचं बूच तर अँब्रोजच्या आईने गावाहून मेण लावून दिलं होतं. मेण जसंच्या तसं आणि बाटली रिकामी.

अँब्रोजने नळ तपासले, गळती शोधली. वॉचमनला बोलावलं. तो सगळीकडे टॉर्च मारून म्हणाला, "लीकेज मफी, साब. कुठेच नाही."

एकदा भल्या पहाटे अँब्रोजला जाग आली. डॉली गाढ झोपली होती. आणि तिच्या बाजूने, अगदी जवळून...

मच्... मच्... मच्...

त्याने दिवा लावला. आवाज बंद. ग्लास त्या रात्री त्याने मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला होता. खोलीत पाण्याचा थेंब नव्हता.

मग आवाज कशातून येत होता?

हा प्रश्न त्याने स्वतःला पूर्ण विचारलाच नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात सोनोग्राफी होती. डॉ. ताहेरांनी मशीनकडे बघत पोटावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. मग म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. भरपूर पाणी प्या, आराम करा. इंशाल्ला, ठीक होईल."

डॉली नर्स. तिला न सांगितलेलंही कळलं.

ती पाणी पीत राहिली. तांब्यामागून तांब्या. तरी ओठ फुटलेले. तरी घसा कोरडा. "किती प्यायले तरी पोचतच नाही रे," ती म्हणायची.

घाबरून अँब्रोजने गावी फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. आईने शेवटी एवढंच विचारलं,

"नाव घेतलंस ना, पोरा?"

"नाही घेतलं."

"अरे, नाव कशाला घेतात माहीत आहे? ज्याला हाक मारली त्यानेच यावं म्हणून. नाव न घेता ओतलंस, तर ज्याला नाव नाही तो येणार."

"आता काय करू?"

"जिथे ओतलंस तिथे जा. नाव घेऊन ओत. बापाला सांग, घेऊन जा म्हणावं."

अँब्रोज त्याच दुपारी तळघरात उतरला. एकटाच. वास... वास नव्हता. मनुकांचा नाही, लाकडाचा नाही. त्याने एका पिंपावर बोटं वाजवली. पोकळ. पुढच्यावर वाजवली. तेही पोकळ. आत वर्षानुवर्षं मुरलेली वाइन होती आणि बाहेर एक थेंब गळला नव्हता.

कपाटात एक बाटली उरली होती. ती फोडून त्याने घोट ओतला. या वेळी मोठ्याने म्हणाला, "पप्पा, हा तुमचा वाटा. जो कोण आलाय त्याला घेऊन जा. माझ्या लेकराला सोड म्हणावं त्याला."

वाइन फरशीवर पसरली. लाल डाग तसाच राहिला. बराच वेळ तो बघत उभा होता.

कोणी घेतली नाही.

फोन वाजला तेव्हा तो तिथेच होता. डॉलीला हॉस्पिटलात नेलं होतं.

बाळ गेलं. मुलगी होती. डॉ. ताहेरांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की इतकं कोरडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नर्सने फॉर्म भरायला बाळाचं नाव विचारलं. अँब्रोजने डॉलीकडे पाहिलं. डॉलीने मान हलवली.

नाव ठरवलंच नव्हतं.

पुढे महिनाभराने अँब्रोजने तिला आईचं बोलणं सांगितलं. ज्याला नाव नाही तो येणार. त्याला वाटलं, ती घाबरेल. डॉली घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"अँब्रोज," ती म्हणाली, "बिननावाचे आपले कोण आहेत रे?"

अँब्रोज ताडकन उठला.

"चल, फादरना सांगू. नावं देऊ त्यांना. चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिसा लावू, प्रार्थना करू. सुटतील बिचारी," तो म्हणाला.

"नाही." ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं. "नाव दिलं की जातील. मला नाही घालवायची."

या जूनमध्ये कंपनीच्या कामाने मी बहरीनला गेलो, तेव्हा हिद्दला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. दार डॉली वहिनीने उघडलं आणि मी क्षणभर तिला ओळखलंच नाही. गाल आत गेलेले. ओठांना भेगा. हाताची कातडी सैल, सुरकुतलेली. चाळिशीही गाठली नाही तिने.

पण चेहरा हसरा. ते हसू बघून मला जास्त भीती वाटली.

अँब्रोज मान खाली घालून जेवत होता. तिला गावी न्यायचा प्रयत्न करून झाला होता. विमानतळावरून ती परत आली होती. फादर येऊन गेले होते, त्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं. त्याने स्वतः मनात नावं ठरवली होती, पण तो ती उच्चारायला गेला की डॉली कानावर हात ठेवून किंचाळते. "खलास आहे सगळं, शेरविन," तो मला हळूच म्हणाला. "मी आता फक्त बघतोय."

बेडरूमचं दार उघडं होतं. खिडकीखाली जमिनीवर तीन छोट्या वाट्या ठेवल्या होत्या. बाळाला दूध पाजायच्या, चांदीच्या. तिन्ही कोरड्या ठणठणीत.

डॉली वहिनी आत गेली. तांब्यातून तिन्ही वाट्या काठोकाठ भरल्या. स्वतः मात्र दिवसभरात घोटभरही पाणी प्यायली नव्हती, हे मला नंतर अँब्रोजने सांगितलं.

मी टेबलाकडे वळलो. माझा पाण्याचा ग्लास मी अजून उचललाही नव्हता.

त्यातलं पाणी... खाली जात होतं. माझ्या डोळ्यांदेखत. हळूहळू, थांबत थांबत.

मच्... मच्...

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. तिने माझ्या ग्लासाकडे पाहिलं आणि कौतुकाने हसली.

"ग्लास झाकून ठेवत जा हं, शेरविन," ती म्हणाली. "लहान मुलांचं घर आहे."