डिशमधली आई

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

रात्र नव्हती. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकाची खोली मात्र कायम अंधारी ठेवावी लागते.

मी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर काम करतो. डिशमधल्या त्यांच्या पुंजक्यांवरून साखरेचं पाणी सोडलं की पेशींत कॅल्शियम शिरतं, आम्ही घातलेला रंग उजळतो, इन्सुलिन सुटतं. मग अंधार. पाचेक मिनिटांनी पुन्हा उजेड.

त्या दिवशीचे पुंजके माझ्या बायकोचे होते.

मेंदूत रक्तस्राव होऊन ती त्याच्या चार दिवस आधी गेली. अवयवदानाच्या कागदावर सही मीच केली. आमच्या बारा वर्षांच्या लेकीचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. "माझं काढून द्या की तिला! मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" असं ही नेहमी म्हणायची. डॉक्टर म्हणाले, जुळत नाही. म्हणून तिचं स्वादुपिंड आमच्या प्रयोगशाळेत आलं.

पहिला उजेड आला...

मोबाइल वाजला. लेक होती. तिच्या दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर सांगतो.

"बाबा, इंजेक्शन घ्यायचं राहिलं, तरी साखर उतरलीय! एकशेदहा!"

मला रडूच आलं. वाटलं, हिनं आपलं म्हणणं खरं केलं.

दुसरा उजेड...

"पंच्याऐंशी."

तिसरा...

"एकसष्ट. बाबा, हात थरथरतायत."

फोनमध्ये मागून माझी बहीण ओरडली, "दादा, साखर खाऊ घातली रे, तरी पोर घामानं भिजलीय!"



"अगं, पुरे!" मी डिशवर ओरडलो.

चौथा उजेड...

मी ब्लीचची बाटली उचलली आणि डिशमध्ये ओतली. ठिपके विझले. हिचं या जगात जिवंत असलेलं तेवढंच होतं.

पडदा काळा. पाच मिनिटं गेली.

"बाबा... चाळीस."

आज अकरावा दिवस. लेक हॉस्पिटलमध्ये आहे, शिरेतून साखर अखंड चालू. डॉक्टर विचारतात, हिच्या रक्तात इन्सुलिन येतंय कुठून? मी काय सांगू?

एकच गोष्ट मला जाळते. साखर कमी झाली की या पेशी आपणहून गप्प होतात. पण हिला लेकीची साखर दिसतच नव्हती. हिला दिसत होतं ते मी सोडलेलं साखरेचं पाणी. फक्त नळ फिरवून ते पाणी बंद करायचं होतं. वीस वर्षं मी तेच करतोय.

आता 'थांब' म्हणून सांगायला डिशमध्ये कुणी नाही.

आज सकाळी साखर चढवायला नर्सला लेकीच्या हातात नवी शीर सापडली नाही.