नारळाच्या चवीचं हिरवं पाकीट

संगणक बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हिरवं पाकीट एकच उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक रुइलिनचा. दुसरा... लांब बोटांचा, शाईचे डाग पडलेला.

"तुमचं मशीन फार आजारी आहे का?" हाताच्या मालकानं विचारलं.

"आजारी नाही. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवतेय. दृष्ट नको लागायला."

तैपेईत एवढं कारण पुरतं. मक्याच्या खाऊचं हे पाकीट जवळ ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे तिथं शिकलेसवरलेलेही मानतात. पाकीट हिरवंच हवं, नारळाच्या चवीचं, तारीख न उलटलेलं. पिवळं ठेवाल तर मशीन रुसलंच म्हणून समजा.

त्यानं पाकीट सोडलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिच्याकडून ते परत मागून घेतलं, पाठमोरा होऊन मार्करनं तळच्या घडीखाली काहीतरी खरडलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं. सोबत त्याच्या दुकानाचं कार्ड. पोयेन, दुरुस्ती, तिसरा मजला. 'शहाण्यासारखं वाग' असंच लिहिलं असणार, सगळे तेच लिहितात, म्हणून तिनं घडी उलगडून पाहिलीही नाही. त्याचे कान का लाल झाले होते, याचा विचार मात्र ती बसमध्ये तीन थांबे करत राहिली.

ग्राफिक्स कार्ड बसलं. दहा मिनिटं झकास चाललं... आणि पडदा काळा.

आजोबांच्या बाहुल्यांच्या खेळावर तिनं वर्षभर खपून चार मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला होता. तो शुक्रवारी पाचच्या आत स्टुडिओला पोचला तर नोकरीची आशा, नाहीतर ताइनानला घरी परत. बाबांशी बोली तशीच झाली होती.

तिनं पोयेनच्या कार्डावरच्या नंबरवर फोन केला. पुढचे तीन दिवस पोयेन सांगेल ते ती करत गेली. जुना ड्रायव्हर काढ, नवा टाक. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसव. वीज देणाऱ्या वायरी दोन वेगळ्या लाव. झाकण उघडं असलं की मशीन गुणी बाळासारखं चाले. झाकण लावलं की दहाव्या मिनिटाला मान टाके. पोयेन चक्रावला. तिची झोप उडाली. तरी फोन वाजला की छातीत होणारी धडधड नेमकी कशाची, हे तिचं तिलाच कळेना.

शुक्रवारी सकाळी तिनं मशीन भाजीच्या ट्रॉलीत घातलं आणि तिसरा मजला गाठला. "आज नाही झालं तर रविवारी मी ताइनानला," ती म्हणाली.

पोयेननं झाकण उघडलं... आणि तसाच थांबला.

आत, कार्डाच्या पंख्यांना अगदी बिलगून, हिरवं पाकीट होतं. पंखे जोरात फिरले की ते फुगीर पाकीट त्यांच्यावर ओढलं जाई. हवा बंद, कार्ड तापलं, मशीन आडवं.

"हे... आत?"

"जितकं जवळ तितकं बरं ना? उघडताना दर वेळी बाहेर काढत होते. मग नीट पुन्हा आत."

"मला सांगितलं नाहीत."

"देव्हाऱ्यातल्या फुलाबद्दल डॉक्टरला कोण सांगतं?"

तो हसू दाबत होता, ती रडू. शेवटी दोघांनाही हसू आलं. त्यानं पाकीट बाहेर काढलं, तळ चाचपला आणि घडी शाबूत पाहून गडबडला. हे मी ठेवून घेतो, तुम्हाला नवीन देतो, असं तो घाईनं म्हणाला. तिनं ते त्याच्या हातातून काढूनच घेतलं.

झाकण लावलं. दहा मिनिटं. अकरा. बारा... दोघंही श्वास रोखून. पडदा उजळलेलाच राहिला. दुपारभर मशीन चित्रपटाची शेवटची फाईल बनवत घुमत होतं आणि त्याच्या डब्यातला भात दोघांनी वाटून खाल्ला. पाचला वीस मिनिटं असताना चित्रपट स्टुडिओला गेला.

घरी येऊन तिनं पाकीट मशीनच्या वर ठेवायला घेतलं. तळची घडी सुटली होती. आत बारीक अक्षरं: 'मशीन नीट चाललं, तरी या.'

तिनं ते दोनदा वाचलं. चार दिवस मशीन बिघडलं म्हणून ती त्याच्याशी बोलत होती, आणि तो मात्र पहिल्याच दिवशी...

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. ट्रॉली नव्हती. पोयेननं मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुन्हा बंद पडलं?"

"नाही. नीट चालतंय."

"स्टुडिओचं काही...?"

"सोमवारी कळेल."

"मग?"

"तरी आले," रुइलिन म्हणाली.

त्याचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी तिला कारण माहीत होतं.